हरवलेला ब्लॉगचा मसुदा ब्राउझरमधून परत मिळतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्री साडेअकराच्या पुढे येणारे फोन बहुधा एकाच वाक्याने सुरू होतात: "अरे, लिहिलेलं सगळं गेलं!" समोरच्याचं निम्मं लक्ष फोनवर, निम्मं माउसवर. बोलता बोलता तो काहीतरी दाबत असतो, आणि वाचू शकला असता तो मसुदाही बऱ्याचदा त्या दाबादाबीत जातो. म्हणून पहिला प्रश्न पहिला ठेवला आहे. बाकीचे हवे तसे वाचा.

मसुदा आत्ताच गेला आहे. सगळ्यात आधी काय करू?

माउसवरून हात काढा. टॅब उघडा असेल तर तो बंद करू नका आणि रिफ्रेशही करू नका. चौकट रिकामी दिसत असली तरी आधी तिच्यात क्लिक करून कंट्रोल-झेड दाबून बघा; 'सगळं निवडून चुकून एक कळ दाबली' या प्रकारात मजकूर इथेच परत येतो. टॅब बंद झाला असेल तर कंट्रोल-शिफ्ट-टी (मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड). त्याच पत्त्याचा नवा टॅब उघडणं आणि बंद झालेला टॅब परत आणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परत आणलेल्या टॅबसोबत त्याची आठवणही येते, नव्या टॅबची पाटी कोरी असते.

आणि कुणी "कॅशे क्लिअर करून बघ" असा सल्ला दिला, तर त्यांना चहा पाजा, पण सल्ला ऐकू नका.

कॅशेमध्ये माझा मसुदा असतो का?

बहुतेक वेळा नसतो. हे नीट समजलं की पुढची निम्मी धावपळ वाचते.

सरकारी कार्यालयात आवक आणि जावक अशा दोन वेगळ्या नोंदवह्या असतात. ब्राउझरचा कॅशे ही आवक नोंदवही आहे. सर्व्हरकडून आलेली पानं, चित्रं आणि स्क्रिप्ट पुन्हा मागवायला लागू नयेत म्हणून त्यांची एकेक प्रत तिथे ठेवलेली असते. तुम्ही चौकटीत टाइप केलेला मजकूर ही जावक. तो आधी फक्त मेमरीत असतो आणि 'सेव्ह' झाला की सर्व्हरकडे जातो. आवकच्या वहीत जावक पत्र शोधत बसलं तर ते सापडणार कसं?

याला एक अपवाद आहे आणि तो कामाचा आहे: प्रीव्ह्यू. तुम्ही 'प्रीव्ह्यू' दाबलं असेल तर तुमचाच मजकूर सर्व्हरवर जाऊन पानाच्या रूपात परत आला, म्हणजे आवकमध्ये नोंदला गेला असण्याची शक्यता आहे. शक्यताच म्हणतो, कारण अनेक साइट लॉगिनमागची पानं पाठवताना त्यांवर 'नो-स्टोअर' असा शेरा मारतात आणि ब्राउझर तो पाळतो.

मग मसुदा असतो तरी कुठे?

तीन ठिकाणी शोधा, याच क्रमाने. पहिलं, सर्व्हरवर ऑटोसेव्ह झालेली प्रत. दुसरं, त्या साइटने ब्राउझरच्या लोकल स्टोरेज, सेशन स्टोरेज किंवा इंडेक्स्ड-डीबी या कप्प्यांत ठेवलेली प्रत. तिसरं, ब्राउझर क्रॅश झाला तर टॅब परत आणता यावेत म्हणून त्याने स्वतः लिहून ठेवलेली सेशनची फाइल. कॅशेचा नंबर यानंतर.

वर्डप्रेसवर लिहीत होतो. आशा आहे का?

बरीच. वर्डप्रेस मूळ सेटिंगमध्ये दर ६० सेकंदांनी सर्व्हरवर ऑटोसेव्ह करतं आणि त्याशिवाय दर १५ सेकंदांनी ब्राउझरच्या सेशन स्टोरेजमध्ये एक प्रत ठेवतं. नेट गेलेलं असताना ही दुसरी प्रतच कामाला येते. लेख पुन्हा उघडल्यावर 'ब्राउझरमधली प्रत खालच्या मजकुरापेक्षा वेगळी आहे' अशा अर्थाची पट्टी वर दिसली, तर ती घाईने बंद करू नका. तुम्ही शोधताय ते त्या पट्टीमागेच आहे.

सेशन स्टोरेज टॅबला बांधलेलं असतं. टॅब गेला की तेही जातं, आणि कंट्रोल-शिफ्ट-टीने टॅब परत आणला तर बहुधा तेही येतं. म्हणून वर नवा टॅब आणि परत आणलेला टॅब यांवर एवढा भर दिला.

लेख उघडतोय पण मजकूर जुना किंवा अर्धाच आहे? उजवीकडच्या पट्टीत 'रिव्हिजन्स' बघा. जुन्या आवृत्त्या तिथे तारीखवार असतात. ऑटोसेव्हची प्रत मात्र प्रत्येक लेखकामागे एकच असते आणि नवी आली की जुनी जाते. आख्खा लेखच डिलीट झाला असेल तर तो 'ट्रॅश'मध्ये ३० दिवस राहतो.

ब्लॉगरवर असेल तर?

इथे जरा जपून. ब्लॉगरही आपोआप सेव्ह करतं, पण जुन्या आवृत्त्या ठेवत नाही. त्यामुळे चुकून सगळा मजकूर पुसला गेला आणि त्याच क्षणी ऑटोसेव्ह झालं, तर तुमचा कोरा कागदच इमानेइतबारे जतन होतो. टॅब उघडा असेपर्यंत कंट्रोल-झेड हाच खरा उपाय.

एक युक्ती मात्र काही जणांना तारून गेली आहे. तोच मसुदा ऑफिसच्या संगणकावर किंवा टॅबलेटवर आधीपासून उघडा राहिला असेल, तर त्या यंत्राला हात लावण्याआधी त्याचं नेट तोडा. वायफाय बंद करा, वायर काढा, मग मजकूर कॉपी करा. नेट चालू ठेवून स्क्रीन जागी केली तर पान स्वतःहून ताजं होऊन कोरंही होऊ शकतं.

फायरफॉक्समध्ये नेमकं काय करायचं?

फायरफॉक्स चालू असताना साधारण दर १५ सेकंदांनी उघड्या टॅबांची नोंद डिस्कवर लिहितो. साध्या मजकूर-चौकटीत टाइप केलेलं या नोंदीत येतं. ठळक, तिरपं, चित्रं वगैरे असलेल्या सजवलेल्या एडिटरमधलं मात्र सहसा येत नाही. नोंदी प्रोफाइल फोल्डरमधल्या (ब्राउझर तुमचा ऐवज ज्यात ठेवतो तो फोल्डर) 'सेशनस्टोअर-बॅकअप्स' या फोल्डरात असतात: 'रिकव्हरी', तिचीच आधीची प्रत, आणि 'प्रीव्हियस' म्हणजे मागच्या वेळी ब्राउझर नीट बंद केला तेव्हाची. प्रोफाइल फोल्डर सापडत नसेल तर मदत मेनूतल्या 'ट्रबलशूटिंग' माहितीच्या पानावर तो उघडायचं बटण आहे. पण त्यासाठी फायरफॉक्स उघडावा लागतो, आणि उघडला की या फाइलींवर नवं लिहिणं सुरू होतं. फोल्डर कुठे आहे हे आधीच बघून ठेवलेलं बरं.

आमच्या वहिनींचं उदाहरण सांगतो. एका छोट्या साइटवरच्या साध्या चौकटीत त्या आजीच्या गोधड्यांवर लिहीत होत्या. त्या साइटला ऑटोसेव्ह नाही. लाईट गेली, लॅपटॉपची बॅटरी आधीच म्हातारी, आणि दहा मिनिटांत स्क्रीन काळी. त्यांचा फोन आला तेव्हा म्हटलं, "वहिनी, लाईट आली तरी लॅपटॉप चालू करू नका. शनिवारी येतो." त्या म्हणाल्या, "भाऊजी, तोवर माझा जीव राहील का?" राहिला.

शनिवारी आधी तो बॅकअपचा फोल्डर जसाच्या तसा पेन ड्राइव्हवर घेतला आणि मगच फायरफॉक्स उघडला. टॅब परत आला, पण लॉगिनची मुदत संपली होती. चौकटीच्या जागी लॉगिनचं पान आलं आणि मजकूर गायब. पेन ड्राइव्ह नसता तर गोष्ट इथेच संपली असती. त्या फाइली मोझिलाच्या, म्हणजे फायरफॉक्स बनवणाऱ्यांच्या, खास पद्धतीने दाबून बसवलेल्या असतात, नोटपॅडमध्ये उघडल्या तर नुसता चिखल दिसतो. त्या मोकळ्या करणारी छोटी मोफत साधनं मिळतात, त्यातलं एक आपल्याच यंत्रावर चालवलं. मोकळ्या झालेल्या मजकुरात 'फॉर्मडेटा' हा शब्द शोधला आणि त्यापुढे वहिनींचा लेख सलग एका ओळीत उभा होता, प्रत्येक परिच्छेदाच्या जागी उलटी तिरकी रेघ आणि रोमन 'एन'. शेवटचं वाक्य असं: 'आजी सुई केसांतून फिरवायची आणि मग टा'. 'टाका' पुरा व्हायच्या आत लाईटने डाव साधला होता.

मोकळं करायचं साधन नसेल तर दुसरा मार्ग: फायरफॉक्स पूर्ण बंद करा, बॅकअपमधली फाइल मुख्य प्रोफाइल फोल्डरात 'सेशनस्टोअर' या नावाने (शेपूट 'जेसनएलझेड४') ठेवा आणि मग सुरू करा. मूळ प्रत बाजूला ठेवूनच.

आणि क्रोममध्ये?

टॅब परत आला असेल तर त्या पानावर एफ१२ दाबा आणि 'अ‍ॅप्लिकेशन' टॅबमध्ये जा. डावीकडे लोकल स्टोरेज, सेशन स्टोरेज, इंडेक्स्ड-डीबी दिसतील. साइटचं नाव निवडा आणि 'ऑटोसेव्ह', 'ड्राफ्ट', 'बॅकअप' असं काही नाव दिसतंय का बघा. दिसलं तर आधी कॉपी, मग आनंद.

तिथे रिकामं दिसलं तरी लगेच हार मानू नका. क्रोम लोकल स्टोरेज ज्या लेव्हल-डीबी पद्धतीने डिस्कवर ठेवतो, तीत नवी नोंद जुनीवर गिरवली जात नाही, शेवटी जोडली जाते. जुन्या नोंदी साफसफाई होईपर्यंत फाइलीत पडून असतात. रद्दीवाला यायच्या आधी घरात पेपर असतात, तसं. म्हणून क्रोम बंद करा, प्रोफाइलमधला 'लोकल स्टोरेज' फोल्डर कॉपी करा आणि त्या प्रतीत शोधा. शेवटी 'लॉग' असलेली फाइल आधी बघा. 'एलडीबी' शेपटीच्या फाइली दाबलेल्या असतात, त्यांत तुकडे मिळतात. प्रोफाइलचा पत्ता क्रोमच्या व्हर्जनच्या पानावर 'प्रोफाइल पाथ' म्हणून दिलेला असतो.

प्रत्यक्ष कॅशे उघडून बघायचाच असेल तर कसा बघू?

प्रीव्ह्यू घेतला होता ना? मग बघा. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत रोमन लिपीत 'अबाउट', मग कोलन, मग 'कॅशे' असं लिहिलं की यादी उघडते. क्रोममध्येही असं पान होतं, पण ते २०१८ साली काढून टाकलं. आता विंडोजवर निरसॉफ्टचं 'क्रोमकॅशेव्ह्यू' हे मोफत साधन वापरतात. यादी तारखेप्रमाणे लावा, 'टेक्स्ट एचटीएमएल' प्रकारच्या नोंदी घ्या आणि पत्त्यात 'प्रीव्ह्यू' किंवा लेखाचा क्रमांक शोधा. फाइलींच्या नावांवरून काही कळणार नाही. फायरफॉक्समध्ये तर प्रत्येक नाव ४० अक्षरी आकडे-अक्षरांची खिचडी असते.

त्याहून सोपा प्रयोग फायरफॉक्सच्या फाइल मेनूत आहे: 'वर्क ऑफलाइन'. तो चालू करा आणि हिस्टरीतून प्रीव्ह्यूचं पान उघडा. सर्व्हरकडे जायची वाट बंद असल्याने ब्राउझर कॅशेतली प्रत दाखवतो, असली तर.

फाइल आहे, पण मराठी शब्द शोधला की 'सापडला नाही' येतं. असं का?

रोमन लिपीत लिहिणाऱ्यांना हा ताप नाही, त्यामुळे इंग्रजी मदत-पानांवर याचा उल्लेखही नसतो. आपला 'म' डिस्कवर निदान पाच पोशाखांत सापडतो. युटीएफ-८ आणि युटीएफ-१६ या अक्षरं बाइटांत लिहायच्या दोन पद्धती. युटीएफ-८ मध्ये तो तीन बाइटांचा: ई०, ए४, एई. युटीएफ-१६ मध्ये दोन बाइटांचा: २ई, ०९. वेबपत्त्यात गेला की याच तीन बाइटांआधी टक्क्याचं चिन्ह लागतं. जेसन या माहिती लिहून ठेवायच्या पद्धतीत कधी उलटी रेघ, 'यू' आणि ०९२ई असा लिहिलेला असतो, तर कधी एचटीएमएलमध्ये २३५० या क्रमांकाने. क्रोम लोकल स्टोरेजमधला देवनागरी मजकूर युटीएफ-१६ मध्ये ठेवतो. शोधणारं साधन युटीएफ-८ धरून चाललं तर मजकूर नाकासमोर असूनही दिसत नाही. एचएक्सडीसारख्या मोफत हेक्स एडिटरमध्ये (फाइलीतले बाइट जसेच्या तसे दाखवणारं साधन) बाइटांचाच शोध घेता येतो.

शोधायला शब्दही विचारपूर्वक निवडा. 'दुसऱ्या'मधला 'ऱ्य' दोन तऱ्हांनी टाइप होतो, 'अ‍ॅ'सुद्धा दोन तऱ्हांनी. डोळ्यांना सारखेच दिसतात, संगणकाला नाही. तुमच्या फोनच्या कीबोर्डवरचा 'ऱ्य' आणि लॅपटॉपवरचा वेगळा असू शकतो. म्हणून जोडाक्षर नसलेला, लेखात हमखास आलेला शब्द घ्या. वहिनींच्या लेखात मी 'गोधडी' शोधला होता.

आणि फाइल जीझिप किंवा ब्रॉटली पद्धतीने दाबलेली असेल, जशी कॅशेतली बरीचशी पानं असतात, तर आधी ती मोकळी करावी लागते. वरचं निरसॉफ्टचं साधन फाइल बाहेर काढताना हे काम करू शकतं.

मजकूर मिळाला, पण अगम्य दिसतोय.

कसा अगम्य, त्यावर आहे. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' आणि त्यामागे चार पाय फुटलेलं गोलसं चिन्ह, हीच जोडी पुन्हा पुन्हा दिसत असेल तर मजकूर सुखरूप आहे, चुकीच्या चष्म्यातून वाचला जातोय एवढंच. नोटपॅड++मध्ये एन्कोडिंग युटीएफ-८ करा. त्या अवस्थेत फाइल सेव्ह मात्र करू नका. नुसते चौकोन दिसत असतील तर फॉन्ट नाही, मजकूर ठीक आहे. ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं असतील, तर अक्षरं कुठेतरी खरोखरच पुसून त्यांच्या जागी प्रश्नचिन्हं लिहिली गेली आहेत. त्या प्रतीतून काही परत येणार नाही, दुसरी प्रत शोधा.

फोनवर लिहीत होते. व्हॉट्सअ‍ॅप बघून परत आले तर पान नव्याने लोड झालं.

फोनची मेमरी कमी पडली की मागे गेलेला टॅब बंद केला जातो. हे रोजचंच आहे. अँड्रॉइडवर ब्राउझरचा फोल्डर थेट उघडता येत नाही, पण फोनमध्ये यूएसबी डीबगिंग चालू करून तो संगणकाला जोडला, तर संगणकावरच्या क्रोमच्या 'इन्स्पेक्ट' पानातून फोनमधल्या टॅबचं स्टोरेज बघता येतं. त्याआधी जीबोर्डचा, म्हणजे गूगलच्या कीबोर्डचा, क्लिपबोर्ड पाहा. तो चालू असेल तर कॉपी केलेलं तासभर राहतं. मजकूर कधीतरी कॉपी केला असेल तरच, अर्थात.

क्लिपबोर्डवरून आठवलं, संगणकावर असं काही आहे का?

विंडोज १० च्या २०१८ अखेरच्या आवृत्तीपासून आहे: विंडोजची कळ आणि व्ही. शेवटच्या २५ नोंदी राहतात, संगणक पुन्हा सुरू केला की पिन न केलेल्या जातात. आधी चालू केलेलं असावं लागतं, आणि बहुतेकांचं नसतं.

इनकॉग्निटोमध्ये लिहीत होतो.

खिडकी बंद केली असेल तर विसरा.

'पब्लिश' दाबलं आणि लॉगिन संपल्याचं पान आलं.

बॅक दाबा. फायरफॉक्स कितीतरी वर्षांपासून आणि डेस्कटॉपवरचा क्रोम २०२१ पासून मागचं पान जसंच्या तसं मेमरीत धरून ठेवू शकतो, त्यामुळे चौकटीतला मजकूर अनेकदा तिथेच असतो. आला की लगेच कॉपी करा. लॉगिन दुसऱ्या टॅबमध्ये करा, या टॅबमध्ये नको.

लेख प्रसिद्ध झालेला होता, नंतर डिलीट झाला. गूगलच्या कॅशेत मिळेल ना?

आता नाही. शोधनिकालांतला 'कॅश्ड' दुवा गूगलने २०२४ च्या सुरुवातीला काढला आणि त्याच वर्षी पत्त्याआधी 'कॅशे' लिहून बघायची सोयही बंद केली. इंटरनेट आर्काइव्हचं वेबॅक मशीन मात्र आहे. २००१ पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथे लेखाचा पत्ता टाका, नाही मिळालं तर ब्लॉगच्या मुख्य पानाचा टाका, कारण मुख्य पानावर आख्खा लेख दिसत असेल तर तो तिथे सापडतो. फीड रीडरमधून किंवा ईमेलने तुमचा ब्लॉग वाचणाऱ्यांनाही विचारा. माझ्या ओळखीतल्या दोन लेखांची शेवटची प्रत वाचकांच्या इनबॉक्समध्ये निघाली. प्रसिद्ध न झालेला मसुदा मात्र यातल्या कुठेही नसतो.

डेटा रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवू का?

जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर प्रयत्न करा, आणि सॉफ्टवेअर दुसऱ्या ड्राइव्हवर इन्स्टॉल करा. एसएसडीवर (न फिरणाऱ्या, चिपांच्या डिस्कवर) पुसलेले भाग 'ट्रिम' या आपोआप साफसफाईमुळे पार्श्वभूमीत साफ होतात, तिथे हाती फारसं लागत नाही. मॅकवर टाइम मशीन चालू असेल तर वेगळी गोष्ट. ते कॅशेचे फोल्डर वगळतं, पण ब्राउझरचं प्रोफाइल 'अ‍ॅप्लिकेशन सपोर्ट'मध्ये असतं आणि त्याचा बॅकअप होतो. म्हणजे कालचं लोकल स्टोरेज आणि फायरफॉक्सच्या सेशन फाइली तिथून काढता येतात.

कोपऱ्यावरचा संगणक दुरुस्तीवाला 'काढून देतो' म्हणतोय. लॅपटॉप देऊ का?

तो काढूनही देईल. पण ज्या प्रोफाइल फोल्डरात तुमचा मसुदा आहे, त्याच फोल्डरात तुमचे साठवलेले पासवर्ड, बँकेच्या साइटच्या कुकी आणि हिस्टरीही आहे. द्यायचंच असेल तर समोर बसून करून घ्या. नाहीतर घरातल्या कुणाला हा मजकूर वाचायला द्या आणि फक्त 'सेशनस्टोअर-बॅकअप्स' किंवा 'लोकल स्टोरेज' एवढाच फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या. त्यातही इतर टॅब आणि इतर साइटचा ऐवज असतो, म्हणून तो ड्राइव्ह काम झाल्यावर पुसा. कुठल्याशा साइटवर 'फाइल अपलोड करा, मोकळी करून देतो' असं असेल, तर तिथेही हेच लागू.